वाऱ्याच्या माथी

माझी एक जुनी विद्यार्थिनी लॉस अँजेलिसच्या ईशान्येस, सॅन गॅब्रिएल पर्वताच्या अगदी पायथ्याशी असलेल्या आल्टाडेना या गावी बरीच वर्षे राहत होती. ‘होती’ असे म्हणावयाचे कारण, 7 जानेवारी 2025 च्या रात्री तेथे जी आग पसरली तीत तिचे घर जळून गेले. माणसे सुखरूप बाहेर पडली, एवढेच समाधान. काही महिन्यांनी तिचे पत्र आले. घराविषयी त्यात दोनच ओळी होत्या; बाकीचे सारे पत्र वाङ्मयाविषयी होते. तिने लिहिले होते: “सर, त्या आठवड्यात मला नऊ जणांनी एकच उतारा पाठविला. तोच उतारा आपण आम्हांला वर्गात वाचून दाखविला होता. तेव्हा अंगावर काटा आला होता. या वेळी वाचताना राग आला. तो का आला असावा, हे आपणच सांगा.”

उतारा जोन डिडियन या अमेरिकन लेखिकेच्या एका निबंधातील. वर्गात तो वाचून दाखविणारा मी. तेव्हा उत्तराची जबाबदारीही मजवरच येते. ते उत्तर एका पत्रात मावण्याजोगे नव्हते, आणि प्रश्नही केवळ खासगी नव्हता. निसर्गातील एखाद्या शक्तीस माणसाच्या कृत्यांचे कारण ठरविण्याचा अधिकार लेखकास कितपत आहे, असा तो प्रश्न आहे; म्हणून त्याचा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

ज्याविषयी हा वाद तो वारा मुळात काय आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. दक्षिण कॅलिफोर्नियात त्यास ‘सांता आना’ म्हणतात. शरद ऋतूपासून वसंतापर्यंत केव्हाही, नेवाडा व युटा यांच्या उंच पठारावर थंड व जड हवा साचते आणि तेथील हवेचा दाब वाढतो. समुद्राकडे दाब कमी असतो. मग ती हवा डोंगरांतील खिंडींतून वाट काढीत किनाऱ्याकडे लोटते. काहोन ही अशी एक खिंड. सांता आना नदीची दरी ही दुसरी, आणि वाऱ्याचे नावही तिच्याशीच जोडले जाते. एरव्ही या किनाऱ्यावर वारा समुद्राकडून येतो, दमट व थंड असतो. सांता आना सुटला की दिशाच उलटते. हवेतील ओलावा शेकडा दहाच्या खाली जातो, ओठ फुटतात, दाराच्या मुठीस हात लावला की विजेची ठिणगी बसते, आणि डोंगरउतारावरील तेलकट पानांचे झुडपी रान सरपणासारखे वाळते. हे बहुधा तीन-चार दिवस चालते. मग वारा पडतो.

हा वारा उष्ण का असतो, याविषयी बहुतेक लेखकांची समजूत चुकीची आहे. जॅनेट फिच यांची ‘व्हाइट ओलिअँडर’ ही 1999 सालची कादंबरी या वाऱ्यानेच सुरू होते आणि तेथे तो वाळवंटातून तापून आलेला आहे. वस्तुस्थिती अशी की, ज्या दिवसांत हा वारा जोराने वाहतो त्या दिवसांत ते पठार पुष्कळदा गारठलेले असते. हवा तेथून निघते ती थंडच; ती तापते उतरताना. वरून खाली येताना तिच्यावरील दाब वाढतो, ती आकसते, आणि दर हजार मीटर उतरणीस सुमारे दहा अंश सेल्सिअस या प्रमाणात तिचे तपमान चढते. सायकलीत हवा भरताना पंपाचा तळ हातास ऊन लागतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणजे या वाऱ्याची उष्णता कोठूनही आणलेली नव्हे; ती पतनातून जन्मते. कवींच्या कल्पनेपेक्षा पदार्थविज्ञानाने सांगितलेली गोष्टच येथे अधिक काव्यमय आहे, आणि तिचा उपयोग मात्र एकाही नामांकित लेखकाने केलेला माझ्या वाचनात नाही. त्यांना वाळवंट हवे असते. दूरच्या, निर्जन, भीषण प्रदेशातून आलेला एक परका अपराधी हवा असतो.

या अपराध्याची वाङ्मयात प्रतिष्ठापना केली ती रेमंड चँडलर याने. त्याची ‘रेड विंड’ ही दीर्घकथा जानेवारी 1938 मध्ये एका स्वस्त गुप्तहेरकथांच्या मासिकात प्रसिद्ध झाली. कथेचा पहिला परिच्छेद पुढे कथेपेक्षाही प्रसिद्ध झाला. खिंडीतून उतरणारा तो कोरडा वारा लोकांच्या मज्जातंतूंना कसा चेतवितो, दारूच्या प्रत्येक बैठकीचा शेवट कसा मारामारीत होतो, आणि गरीब स्वभावाच्या गृहिणींची नजर घरातील सुरीवरून नवऱ्याच्या मानेकडे कशी वळते, हे त्यात सांगितले आहे. विनोद आणि दहशत यांचे एवढे बेमालूम मिश्रण इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच आढळते. वाचक मान्य करतो, हसतो, आणि आता जे घडेल ते या वाऱ्याने घडविलेले असणार अशी मनाची तयारी करतो.

परंतु पुढे कथेत घडते काय? एका लहानशा पिठ्यात एक दारुडा बसलेला आहे. एक मनुष्य आत येऊन एका स्त्रीची चौकशी करतो, आणि तो दारुडा त्यास गोळी घालून ठार करतो. वाऱ्याचा प्रताप! पण लवकरच कळते की, मारणारा व मेलेला यांचे जुने वैर होते. वारा नसता तरी ती गोळी सुटलीच असती. मेलेला मनुष्य एका श्रीमंत घरी चालक होता आणि मालकिणीची मोत्यांची माळ चोरून तो तिच्याकडून पैसे उकळीत होता. त्याचे कारण लोभ. त्या स्त्रीला ती माळ प्राणापलीकडे प्रिय असते, कारण ती तिच्या दिवंगत प्रियकराने दिलेली, हे प्रेम. त्या घरातील नवरा-बायको एकमेकांस फसवीत आहेत, त्याला एक शिळा, थंड संसार कारण आहे. कथेतील एकही गाठ वाऱ्याने बांधलेली नाही, की वाऱ्याने सुटलेली नाही. चँडलर हा कारागीर म्हणून इतका प्रामाणिक आहे की, पहिल्या परिच्छेदात त्याने जो सिद्धांत मांडला तो उरलेल्या कथेने तो स्वतःच खोडून काढतो.

आणि शेवट पाहावा. ती मोत्ये खोटी निघतात. प्रियकराने त्या स्त्रीला फसविले होते; तिला मात्र ते ठाऊक नाही. चँडलरचा गुप्तहेर काय करतो? तो दुसरी एक अधिक हलकी नकली माळ करवून घेतो व तिच्या हाती देतो. खरी मोत्ये चोराने विकून टाकली आणि ही त्या जागी ठेवली, असे तिला भासवितो. तिचे नुकसान होते, पण श्रद्धा शाबूत राहते. मग तो एकटाच समुद्रकाठी जाऊन ती मूळची खोटी मोत्ये एकेक करून पाण्यात फेकतो. चँडलरच्या साऱ्या लेखनात याहून कोमल प्रसंग थोडेच असतील. मला विचारावेसे वाटते ते हे: या कृत्याचे श्रेय वाऱ्यास कोणी का देत नाही? वाऱ्याने माणसाची मान चिरण्याची इच्छा होते, असे म्हणणारा लेखक वाऱ्याने त्यास दया येते असे का म्हणत नाही? दुष्कृत्य झाले की ते हवेतून आले, आणि सत्कृत्य झाले की ते माणसाच्या अंतःकरणातून आले, हा हिशेब एकतर्फी आहे. वारा जर खरोखर कारण असेल, तर तो दोन्ही बाजूंस असावयास हवा.

चँडलरचा परिच्छेद ही एका गोष्टीची सुरुवात होती. गोष्टीत अतिशयोक्ती क्षम्य असते. डिडियनबाईंचे तसे नाही. त्यांचा ‘लॉस अँजेलिस नोटबुक’ हा निबंध 1968 सालच्या ‘स्लाउचिंग टुवर्ड्‌स बेथलेहेम’ या संग्रहात आहे, आणि त्या तेथे कथालेखिका म्हणून नव्हे, तर पाहिलेले लिहिणारी वृत्तलेखिका म्हणून बोलतात. आरंभी वारा अजून आलेलाही नसतो. तान्हे मूल किरकिरत आहे, मोलकरीण गाल फुगवून बसली आहे, टेलिफोन कंपनीशी लेखिकेचे निष्कारण वाजते. आणि मग कळते की, वारा येऊ घातला आहे. घरगुती चिडचिडीपासून एका प्रदेशाच्या दैवापर्यंत वाचकास नेणारी ही चढण इतकी अचूक आहे की, निबंध कसा उभारावा हे शिकविण्यास मी आजही तोच वर्गात नेईन. समुद्राची अशुभ चकाकी, झाडांतून ओरडणारे मोर, घराभोवती कोयता घेऊन हिंडणारा शेजारी: हे तपशील एकदा वाचले की पुसले जात नाहीत.

पण या तपशिलांच्या बळावर त्या जो निष्कर्ष काढतात तो असा की, या वाऱ्याबरोबर राहणे म्हणजे माणसाचे वागणे यंत्रवत् असते हे कळत-नकळत कबूल करणे होय. येथे टीकाकाराने थांबून पुरावा मागितला पाहिजे. त्या तीन पुरावे देतात. पहिला, आल्प्स पर्वतातील याच जातीच्या ‘फ्योन’ नामक वाऱ्याचा: काही स्विस परगण्यांतील न्यायालये म्हणे या वाऱ्याच्या सबबीवर अपराध सौम्य मानतात. कोणता खटला, कोणते वर्ष, हे त्या सांगत नाहीत. ऐकीव गोष्टीच्या अंगी जी ऐट असते तेवढीच येथे आहे. दुसरा पुरावा एका इस्रायली शास्त्रज्ञाच्या मताचा: अशा वाऱ्यांत धनभारित कण वाढतात व त्यांनी मन बिघडते. पुढील काळात झालेल्या पडताळणीत असा निश्चित परिणाम आढळून आला नाही. वाऱ्याचा शरीरावर काहीच परिणाम होत नाही, असे मात्र कोणी समजू नये. कॅनडातील चिनूक हाही डोंगरावरून उतरणारा उष्ण वारा. तो वाहताना काही रोग्यांची अर्धशिशी बळावते, असे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात दिसून आले आहे. पण डोके दुखणे निराळे, आणि खून करणे निराळे.

तिसरा पुरावा सर्वांत परिणामकारक आहे. 1957 साली 21 नोव्हेंबरपासून 4 डिसेंबरपर्यंत हा वारा सलग चौदा दिवस वाहिला. डिडियनबाई त्या दिवसांची रोजनिशी देतात: इतके एकर रान जळाले, मोटारींच्या अपघातांत इतकी माणसे दगावली, अमक्या तारखेस एक खून. तारखांच्या त्या कोरड्या मालिकेनेच वाचकाचा श्वास कोंडतो. त्यात पॅसाडीना येथील एका वकिलाची हकीकत येते. त्याने बायको व दोन मुलगे यांस गोळ्या घालून स्वतःचाही अंत केला. आता हे वाक्य पुन्हा वाचावे. तो पैशाच्या विवंचनेने खचलेला होता, असे बाईंनी त्यातच नमूद केले आहे. कारण वाक्याच्या पोटातच बसलेले आहे! पण ते चौदा दिवसांच्या यादीत अशा ठिकाणी ठेवले गेले आहे की, वाचकाचे लक्ष कर्जाकडे न जाता खिडकीबाहेरच्या वाऱ्याकडे जाते. ज्या आठवड्यांत वारा नव्हता त्या आठवड्यांत त्या महानगरात किती खून झाले, किती मोटारी आदळल्या, हे न सांगता केलेली अशी यादी पुरावा म्हणून टिकत नाही. ती टिकते लय म्हणून. माझ्या विद्यार्थ्यांस मी लय दाखविली, पण यादीतले हे छिद्र दाखविले नाही. अध्यापक या नात्याने ही माझी उणीव होय.

कोणी म्हणेल की, वाऱ्यास दोष देण्याची रीत आमच्याही काव्यात आहेच. संस्कृत व मराठी काव्यांतील विरहिणी मलयगिरीवरून येणाऱ्या शीतल सुगंधी वाऱ्यास किती बोल लावते! तो तिला जाळतो, छळतो, वैऱ्यासारखा वागतो. हे खरे; पण त्या बोलांचा अर्थ कोणता रसिक अक्षरशः घेतो? वारा थंड आहे हे श्रोत्यास पक्के माहीत असते. थंड वारा तिला जाळतो, यावरून तिच्या मनाची अवस्था कळते. दोष वाऱ्याचा नाही हेच तर त्या संकेताचे मर्म आहे. ‘मेघदूता’तील यक्ष हिमालयावरून दक्षिणेस वाहत येणाऱ्या वाऱ्यांना आलिंगन देतो, कारण त्यांनी कदाचित त्याच्या प्रियेच्या अंगास स्पर्श केला असेल. तेथेही वारा डोंगरावरून उतरतो. पण कालिदास त्याच्याकडून काही करवून घेत नाही. करणारा, इच्छिणारा, वेडा होणारा तो यक्षच. आमच्या कवींनी वाऱ्यावर माणसाचे मन आरोपिले, परंतु माणसाच्या मनाची जबाबदारी वाऱ्यावर टाकली नाही. हा भेद बारीक असला तरी महत्त्वाचा आहे.

आणि असा वारा आम्हांस अगदीच अपरिचित आहे असेही नाही. मार्चच्या सुमारास कोकणपट्टीवर समुद्रावरचे खारे वारे सुरू होण्यास उशीर होतो, आणि देशावरची कोरडी हवा सह्याद्रि उतरून किनाऱ्यावर येते. त्या दिवशी मुंबईचा पारा एकाएकी चढतो. 28 मार्च 1956 रोजी तो सांताक्रूझ येथे 41.7 अंशांवर गेला होता. सांता आनाच्या मानाने आपला हा वारा सौम्य म्हणावयाचा. त्यावर कोणी कादंबरी लिहिली नाही. माझे बालपण रत्नागिरीकडे गेले. असा वारा सुटला की आमच्या घरात दोनच गोष्टी होत: मडक्यातले पाणी दोनदा भरले जाई, आणि अंगणात पाला जाळण्यास आजोबांची सक्त मनाई असे. वारा आला म्हणून कोणी भांडल्याचे मला आठवत नाही. भांडणे होत ती वाटण्यांवरून, आणि ती बारा महिने होत.

आजोबांच्या या मनाईचे मोठे भावंड मला स्वित्झर्लंडच्या इतिहासात भेटले. ज्या फ्योन वाऱ्याच्या नावे डिडियनबाई न्यायालयांची दंतकथा सांगतात, त्या वाऱ्यात 1861 च्या मे महिन्यात ग्लारुस हे नगर पेटले आणि सुमारे सहाशे इमारती भस्म झाल्या. डोंगरखोऱ्यांतील अशा गावांनी फ्योन सुटला असता विस्तवावर निर्बंध घालण्याची व रात्री पहारेकऱ्यांनी फिरून चुली-निखारे तपासण्याची वहिवाट पाडलेली होती. आगीनंतर ग्लारुस पुन्हा उभारले गेले ते रुंद, सरळ रस्त्यांचे. म्हणजे त्याच वाऱ्याविषयी त्याच लोकांनी जे केले ते वेगळेच. वाऱ्याला त्यांनी कैफियतीचा साक्षीदार केले नाही. त्याच्यासाठी पहारा ठेवला.

वाङ्मयातही याचे प्रत्यंतर आहे. हेर्मान हेसे याच्या ‘पेटर कामेनत्सिंट’ या 1904 सालच्या पहिल्या कादंबरीत फ्योनचे वर्णन आहे. नायक लहानपणी त्या वाऱ्यास भितो. मोठेपणी त्याच्यावर प्रेम करू लागतो, कारण तो दक्षिणेकडून वसंत घेऊन येणारा, हिवाळ्याशी झुंजणारा उद्दाम वीर आहे असे त्यास उमगते. झोप उडविणारा, नसा ताणणारा तो वारा हेसेला ठाऊक होताच. त्या फ्योनज्वराचे वर्णनही त्याने केले आहे. पण त्याच बेचैनीस त्याने आनंदाचे रूप दिले. एकाच जातीचा वारा एकास खुनाची सबब होतो आणि दुसऱ्यास वसंताचा दूत. तेव्हा यंत्र कोठे आहे? जे आहे ते पाहणाऱ्याचे अंतःकरण आहे, आणि ते त्याचे त्यानेच घडविलेले असते.

डिडियनबाईंच्या या दैववादास अमेरिकेतच उत्तर मिळाले. माइक डेव्हिस याने 1998 सालच्या ‘इकॉलॉजी ऑफ फिअर’ या ग्रंथात एक प्रकरण लिहिले. मालिबू जळू द्यावे, अशा अर्थाचे त्याचे शीर्षकच वाचकास दचकविते. त्याने विचारले ते सरळ होते: जे रान काही वर्षांनी जळणार हे शतकभर माहीत आहे, त्यात श्रीमंतांचे बंगले पुनःपुन्हा का उभे राहतात? ते वाचविण्यास सार्वजनिक पैसा वाहतो; त्याच शहराच्या मध्यभागी गरिबांच्या जुनाट चाळींत माणसे जळून मरतात, त्यांकडे कोणाचे लक्ष का जात नाही? डेव्हिसची भाषा खटल्यातील वकिलाची आहे. तीत वाऱ्याची दहशत फारशी उमटत नाही, आणि ज्याचे घर जळाले त्याच्यासाठी एक कोमल शब्दही सापडत नाही. कलाकृती म्हणून डिडियनबाईंचा निबंध त्याहून पुष्कळ वरचा आहे. पण डेव्हिसने आगीच्या गोष्टीत माणसांचे हात परत आणले, हे त्याचे ऋण मानलेच पाहिजे.

हे हात किती महत्त्वाचे, हे जानेवारी 2025 मध्ये दिसले. त्या दिवशी वाऱ्याचे झोत ताशी 80 मैलांच्याही वर गेले होते. इतक्या वाऱ्यात लागलेली आग कोणासही सहजासहजी आवरणे शक्य नव्हते, हे आधी मान्य केले पाहिजे. दोन मोठ्या आगींत मिळून 16,000 हून अधिक इमारती नष्ट झाल्या आणि सुमारे 30 माणसे प्राणांस मुकली. पण वारा ठिणगी पाडीत नाही. पॅसिफिक पॅलिसेड्‌सच्या आगीविषयी सरकारी तपासाचे म्हणणे असे की, 1 जानेवारीस लागलेली एक लहान आग विझली असे समजण्यात आले. ती मुळ्यांत धुमसत राहिली आणि सात तारखेच्या वाऱ्याने पुन्हा उठली. मूळची आग लावल्याचा आरोप एका माणसावर ठेवण्यात आला. आल्टाडेनाची आग विजेच्या तारांपासून लागली, असा दावा अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने सप्टेंबर 2025 मध्ये वीजकंपनीवर लावला. सर्वांत बोलकी गोष्ट निराळीच आहे. आल्टाडेनाच्या पूर्व भागास घरे सोडण्याचा इशारा संध्याकाळीच मिळाला. पश्चिम भागास तो हुकूम मिळाला तो आग लागल्यावर सुमारे नऊ तासांनी, पहाटे. मृतांपैकी बहुतेक सर्व त्या पश्चिम भागातले.

वारा पूर्वेस आणि पश्चिमेस सारखाच होता. इशारा सारखा नव्हता. माझी विद्यार्थिनी पश्चिमेस राहत होती.

येथे एक आक्षेप उभा राहील, व तो गैरवाजवी नाही. निबंध म्हणजे चौकशी-समितीचा अहवाल नव्हे. डिडियनबाईंनी एका मनोवस्थेचे चित्र काढले, त्यांच्याकडून इशाऱ्यांच्या वेळा व विजेच्या तारा यांची अपेक्षा करणे अरसिकपणाचे नव्हे काय? मनोवस्थेचे चित्र एवढाच त्यांचा दावा असता तर मी हा आक्षेप शिरोधार्य मानला असता. वारा सुटण्यापूर्वीची ती कोंदटलेली भीती त्यांच्याइतकी कोणी लिहिली नाही, हे मी आजही म्हणेन. परंतु त्यांनी तारखा दिल्या, शास्त्रज्ञाची साक्ष काढली, न्यायालयांचा हवाला दिला, आणि त्यावरून माणसाविषयी एक सिद्धांत मांडला. ज्याने साक्षीपुरावे आणले त्याने उलटतपासणीस तयार असावे. शिवाय, उत्तम गद्याची जबाबदारी सामान्य गद्याहून मोठी असते. वाईट लिहिलेला दैववाद कोणी कोणास पाठवीत नाही. सुंदर लिहिलेला दैववाद मात्र घर जळालेल्या बाईस एका आठवड्यात नऊ जण पाठवितात, आणि आपण सांत्वन केले असे समजतात.

तिला राग आला तो यासाठीच, असे मला वाटते. तिचे दुःख त्या उताऱ्याने भव्य केले, पण ते करताना त्यास निर्माता उरू दिला नाही. सारे वाऱ्याने झाले म्हटले की, कोणी कोणास काही विचारावयाचे कारण राहत नाही. तिला विचारावयाचे होते. इशारा रात्रभर का आला नाही, हा तिचा प्रश्न होता. आणि जगातील उत्तम गद्य तिला सांगत होते की, अशा वाऱ्यात असेच व्हावयाचे. रसिकतेने तिचा राग चुकीचा ठरत नाही. उलट, वर्गात तिच्या अंगावर आलेला काटा जितका रसिकतेचा, तितकाच आता आलेला हा रागही रसिकतेचाच. पहिला वाक्याच्या सौंदर्यास होता, दुसरा त्याच्या अर्थास आहे. वाङ्मयाचे शिक्षण पुरे होण्यास दोन्ही लागतात, आणि मी तिला अर्धेच दिले होते.

तिला मी उत्तरी लिहिले ते थोडक्यात असे. डिडियनबाईंचे पुस्तक टाकून देऊ नकोस. पण त्यातील त्या वकिलाचे वाक्य पुन्हा वाच आणि बाईंनी स्वतःच लिहिलेले कारण शोध. चँडलरचा पहिला परिच्छेद सर्वांना पाठ असतो. तू शेवटचे पान वाच. त्याच वाऱ्याच्या गोष्टीत एक मनुष्य एका अनोळखी बाईचे मन मोडू नये म्हणून स्वतःच्या पदरचे पैसे खर्चून खोटी मोत्ये घडवून आणतो. तेही कोणा वाऱ्याने करविले नव्हते. तुला पहाटे उठवून गाडीत बसविणारा शेजारी, ज्याचे तू पत्रात ओझरते नाव घेतले आहेस, त्यालाही ते वाऱ्याने करावयास लावले नव्हते. त्याच्याविषयी लिही, आणि इशाऱ्याविषयीचे तुझे प्रश्न ज्यांना विचारावयाचे त्यांना विचारीत राहा.

तिचे उलट पत्र अजून आलेले नाही. तिकडे ती घराच्या परवान्यांच्या धावपळीत आहे, असे कळते.